बोललेलें मोल आणि दिलेलें मोल

“चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला” ही म्हण आमच्या बहुतेक वाचकांनीं घरीं आजीच्या तोंडून ऐकली असेल. कोंबडी स्वस्त मिळाली म्हणून हर्षानें घरीं परतलेल्या माणसाची पुढें कशी त्रेधा उडते, हें तींत थोडक्यांत सांगितलें आहे. ही म्हण रूढ झाली त्या काळीं घरबसल्या चित्रपट पाहण्याची सोय नव्हती. तथापि हल्लीं फोनवर किंवा टीव्हीवर चित्रपट भाड्यानें घेणारास, अथवा त्यासाठीं मासिक वर्गणी भरणारास, या म्हणीचा जितका प्रत्यय येतो तितका कोंबडी विकत घेणारासही येत नसेल.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं आमचीं गांवें रेल्वेच्या एकाच मार्गावर ओळीनें वसलेलीं आहेत. सकाळच्या गाडीनें कामास जाणारा आणि दिवेलागणीनंतर परतणारा नोकरदार येथें घरोघर आहे. त्याच्या करमणुकीस उरतो तो गाडींतला तासभर आणि रविवारची संध्याकाळ. सर्व कुटुंबानें चित्रपटगृहांत जाणें महाग पडतें, म्हणून तो घरींच चित्रपट मागवितो. जाहिरातींत वाचलेला दर त्यास परवडण्यासारखा वाटतो. परंतु महिनाअखेर घरखर्चाच्या वहींत “करमणूक” या सदराखालीं रक्कम मांडूं लागला म्हणजे बोललेलें मोल निराळें आणि दिलेलें मोल निराळें असें त्याच्या ध्यानांत येतें. या दोन मोलांमध्यें जें अंतर पडतें तें कसें पडतें, तें कितपत न्याय्य आहे, कायदा त्याविषयीं काय म्हणतो, आणि आपण घरीं काय करावें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

आमचाच एक अनुभव

दुसऱ्यास शहाणपण सांगणारानें आधीं आपली चूक सांगावी, हें बरें. दोन वर्षांपूर्वीं गणपतीच्या सुटींत आमच्या घरीं पाहुणेमंडळी जमली होती. रात्रीं एखादा जुना मराठी चित्रपट पाहावा असें सर्वांच्या मनांत आलें. एका कंपनीच्या जाहिरातींत “पहिला महिना अवघा १ रुपया” अशीं मोठीं अक्षरें झळकत होतीं. त्यांखालीं बारीक अक्षरांत आणखी कांहीं मजकूर होता. तो आम्हीं वाचला नाहीं. आम्हीं आपल्याच हातांनीं खात्याचा तपशील भरला व संमतीच्या खुणेवर बोट ठेविलें. चित्रपट पाहिला, मंडळी आपापल्या गांवीं गेली, आणि ती गोष्ट आम्ही साफ विसरलों.

पुढल्या श्रावणांत पासबुक भरून आणलें, तों त्यांत दरमहा ९९ रुपये वजा झाल्याच्या ११ नोंदी आढळल्या. एकूण रक्कम १०८९ रुपये. नोंदींपुढें ओळखीचें नांव नव्हतें. नुसतीं कांहीं अक्षरें व आंकडे होते. आमचा मुलगा तेव्हां सातवींत होता आणि आमचा फोन पुष्कळदां त्याच्या हातीं असे. त्यानें आमच्या नकळत कांहीं खेळ विकत घेतला असावा असें आम्हीं ठरवून टाकलें व त्यास बोलावून जाब विचारला. “बाबा, मीं कांहीं घेतलें नाहीं,” असें तो दोन वेळां म्हणाला. तिसऱ्या वेळीं तो कांहीं बोललाच नाहीं. त्या रात्रीं तो न जेवतां निजला.

दुसऱ्या दिवशीं बँकेंतल्या कारकुनानें नोंदी तपासून सांगितलें कीं, पैसे दरमहा द्यावे हा हुकूम आमच्याच फोनवरून, गणपतीच्या दिवसांत, आम्हींच दिलेला आहे. प्रत्येक वेळीं पैसे वजा होण्यापूर्वीं तशी सूचनाही फोनवर आलेली होती. ती शेंकडों जाहिरातींच्या गर्दींत न वाचतां पडून राहिली; तेवढा दोष आमचा. घरीं येऊन आम्हीं मुलाची क्षमा मागितली. नंतर दोघांनीं मिळून ती वर्गणी बंद केली. ती सुरू करण्यास एक मिनिट पुरलें होतें. बंद करण्याची जागा शोधून काढण्यास पाऊण तास लागला. “आपण खरोखरच जाणार काय?” असें त्या कंपनीनें आम्हांस चार निरनिराळ्या शब्दांनीं विचारलें.

१०८९ रुपयांचा तोटा आम्हीं सोसला असता. परंतु न सांगितलेल्या पैशापायीं निरपराध मुलावर आळ आला, हा तोटा पासबुकांत दिसत नाहीं. म्हणूनच हा विषय क्षुल्लक नव्हे असें आम्ही म्हणतों.

करमणुकीच्या पैशाचा थोडा इतिहास

आपल्या देशांत चलच्चित्रांचा पहिला खेळ मुंबईस वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं झाला. प्रवेशाचा दर १ रुपया होता. त्याच महिन्यांत नॉव्हेल्टी नाटकगृहांत खेळ सुरू झाले, तेव्हां चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर ठेवण्यांत आले. पुढें ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळके यांचा “राजा हरिश्चंद्र” गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांस दाखविण्यांत आला. त्या काळच्या प्रेक्षकास दर विचारण्याचे कष्ट नव्हते. पाटीवर आंकडा लिहिलेला असे. तेवढे पैसे खिडकींत दिले कीं काम संपलें.

या पैशांत सरकारचा भाग शिरला तो १९२३ सालीं. त्या वर्षीं मुंबई इलाख्यांत करमणूक कराचा कायदा झाला. हा कर पुष्कळ वर्षें चालला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आल्यावर राज्याचा निराळा कर त्यांत विलीन झाला.

१९८२ सालीं रंगीत दूरदर्शन आलें आणि त्यानंतरच्या दशकांत व्हिडिओ कॅसेटी भाड्यानें देणारीं दुकानें गल्लोगल्लीं निघालीं. आमच्या पालकवाचकांस तीं आठवत असतील. अनामत रक्कम ठेवावी, कॅसेट घरीं न्यावी, आणि ठरल्या वेळीं परत करावी, अशी रीत असे. उशीर झाला तर दुसऱ्या दिवसाचें भाडें पडे. तो दंड कोणासही आवडत नसे. परंतु दुकानदार समोर उभा असे. त्याच्याशीं हुज्जत घालतां येई, आणि “काल पाऊस फार होता हो” असें म्हटल्यास तो कधीं कधीं सोडूनही देई. आतांच्या पडद्यास कान नाहींत, म्हणून त्याच्याशीं बोलण्याची सोय नाहीं. ग्राहकाच्या संतापाचें अर्धें कारण हेंच आहे.

वरकड आकारांचे प्रकार

हल्लीं जे अधिक पैसे पडतात त्यांचे मुख्य प्रकार असे :

(१) मुदतीचा आकार. भाड्यानें घेतलेला चित्रपट साधारणतः ३० दिवसांत पाहण्यास आरंभ करावा आणि एकदां आरंभ केल्यावर ४८ तासांत संपवावा, असा नियम असतो. शनिवारीं रात्रीं अर्धा चित्रपट पाहून निजलेल्या माणसास सोमवारीं कामावर उशीर झाला कीं मंगळवारीं उरलेला अर्धा पाहण्यासाठीं पुन्हां भाडें भरावें लागतें. कॅसेटच्या दंडाचाच हा नवा अवतार होय.

(२) वर्गणीवर भाडें. वर्गणी भरली म्हणजे यादींत दिसणारे सर्व चित्रपट आपले, असा ग्राहकाचा समज होतो. परंतु त्याच यादींत कांहीं चित्रपटांस निराळें भाडें असतें. मुलांनीं चित्रपट निवडावा, सर्वांनीं जागा धरून बसावें, आणि मग भाड्याचा आंकडा दिसावा, असा प्रकार पुष्कळ घरीं घडतो. मुलांचा हिरमोड होऊं नये म्हणून बाप पैसे भरतो.

(३) जाहिराती टाळण्याचा आकार. पूर्वीं वर्गणींतच अंतर्भूत असलेली सोय काढून घ्यावी आणि ती परत हवी असल्यास निराळे पैसे मागावे, अशी ही रीत आहे. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ या सेवेनें १७ जून २०२५ पासून भारतांत चित्रपट व मालिकांमध्यें जाहिराती दाखविण्यास आरंभ केला, आणि त्या नको असणारांसाठीं दरमहा १२९ रुपयांचा अधिक आकार ठेविला.

(४) आपोआप चालणारी वर्गणी. तिची हकीकत वर आलीच आहे.

(५) सोयीचा आकार. चित्रपटगृहाचें तिकीट फोनवरून घेतल्यास प्रत्येक तिकिटामागें कांहीं रुपये अधिक पडतात, आणि त्या अधिक रुपयांवर शेंकडा १८ प्रमाणें करही पडतो. समजा, तिकीट २०० रुपयांचें आहे आणि आकार ३० रुपयांचा. चार तिकिटांचे ८०० रुपये, आकाराचे १२० रुपये, आकारावरील कर २१ रुपये ६० पैसे; एकूण ९४१ रुपये ६० पैसे. म्हणजे मूळ मोलावर शेंकडा १७ रुपये ७० पैसे चढले.

आकार घेणें हाच अन्याय काय?

येथें आम्हांस दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीं तर हा अभ्यास न होतां नुसतें गाऱ्हाणें होईल. चित्रपट दाखविणाऱ्या कंपनीस प्रत्येक चित्रपटाचे हक्क विकत घ्यावे लागतात, आणि नव्या चित्रपटाचा निर्माता अधिक मोल मागतो. एखाद्या खानावळींत महिन्याचे पैसे भरले म्हणजे पोळी, भाजी, वरण, भात मिळतो. सणाच्या दिवशीं श्रीखंड हवें असल्यास त्याचे पैसे निराळे पडतात. यांत कोणी अन्याय मानीत नाहीं. कारण “गोड पदार्थाचे पैसे निराळे” अशी पाटी दारांतच लावलेली असते. श्रीखंड ताटांत वाढून, पहिला घास घेतल्यावर जर मालक पैसे सांगूं लागला, तर मात्र खाणारास राग येईल, आणि तो योग्यच असेल.

आपल्या राज्यांत याच प्रश्नावर एक महत्त्वाचा वाद झाला. फोनवरून घेतलेल्या तिकिटांवर सोयीचा आकार घेऊं नये, अशी मनाई करणारे आदेश महाराष्ट्र सरकारनें ४ एप्रिल २०१३ व १८ मार्च २०१४ रोजीं काढले. चित्रपटगृहांचे चालक व तिकिटें विकणाऱ्या कंपन्या मुंबई उच्च न्यायालयांत गेल्या. जुलै २०१४ मध्यें न्यायालयानें मनाईस स्थगिति दिली, आणि ११ वर्षांनीं, १० जुलै २०२५ रोजीं, ते आदेश रद्द ठरविले. अशी मनाई करण्यास कायद्याचा आधार नाहीं, आणि राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें दिलेल्या धंद्याच्या स्वातंत्र्यास तिनें बाध येतो, असा निर्णय झाला. ज्यास तो आकार नको त्यास चित्रपटगृहाच्या खिडकीवर जाऊन तिकीट घेण्याची मोकळीक आहे, हाही विचार त्यांत होता.

या निर्णयापासून विद्यार्थ्यांनीं एक भेद शिकावा. सोय पुरवून तिचें मोल मागणें हा धंदा आहे. तें मोल शेवटच्या क्षणापर्यंत झांकून ठेवणें ही निराळी गोष्ट आहे. पहिल्याविरुद्ध आपली तक्रार फार तर महागाईची असूं शकते. दुसऱ्याविरुद्ध ती फसवणुकीची असते.

समुद्रापलीकडचीं दोन उदाहरणें

हा भेद आपल्याच देशांत ओळखला जातो असें नाहीं. अमेरिकेंत ब्लॉकबस्टर नांवाची कंपनी होती. चित्रपट भाड्यानें देणारीं तिचीं हजारों दुकानें होतीं आणि उशिराच्या दंडामुळें गिऱ्हाइकें तिच्यावर रुष्ट असत. १ जानेवारी २००५ पासून तिनें “उशिराचा दंड बंद” अशी मोठी जाहिरात केली. परंतु मुदतीनंतर आणखी ७ दिवसांत चित्रपट परत न आल्यास तो विकला गेला असें समजून गिऱ्हाइकाकडून त्याचें मोल वसूल होऊं लागलें. आणि त्यानें तो मागाहून परत केला तरी सव्वा डॉलर वेगळा पडे. दंड गेला, पण त्याचें नांव तेवढें गेलें, असें लोकांस वाटलें. ४७ राज्यांच्या सरकारी वकिलांनीं जाब विचारल्यावर त्याच वर्षीं मार्च महिन्यांत कंपनीस तडजोड करावी लागली आणि जाहिरातीची भाषा सुधारावी लागली.

दुसरें उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. ॲमेझॉन कंपनीनें ग्राहकांस त्यांच्या स्पष्ट संमतीवांचून प्राइमच्या वर्गणींत ओढलें आणि ती सोडण्याचा मार्ग मुद्दाम बिकट केला, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगानें जून २०२३ मध्यें केला. वर्गणी सोडण्याच्या त्या लांबलचक मार्गास कंपनीच्या आंत “इलियड” असें नांव पडलें होतें, असें आयोगानें आपल्या तक्रारींत लिहिलें. होमरच्या ज्या महाकाव्यांत ट्रॉयच्या दीर्घ युद्धाचें वर्णन आहे, त्याचें हें नांव होय. सप्टेंबर २०२५ मध्यें कंपनीनें अडीच अब्ज डॉलर देण्याचें कबूल केलें. त्यांपैकीं दीड अब्ज ग्राहकांस परत द्यावयाचे होते. मात्र आपला दोष तिनें मान्य केला नाहीं.

रुमालाखालचा भाव

मोल झांकून ठेवण्याची युक्ति फोनाबरोबर जन्मास आली, असें कोणी समजूं नये. आमच्या आजोबांच्या काळीं शेतकरी कापूस किंवा धान्य घेऊन बाजारांत येई, तेव्हां दलाल व व्यापारी रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. माल ज्याचा, त्यालाच भाव दिसत नसे. पुढें हिशेब होई तेव्हां अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नांवांनीं एकामागून एक रकमा कापल्या जात. बोललेला भाव एक, आणि पदरांत पडलेला दुसरा. शेतकऱ्यास चीड येई ती रकमा देण्याची नव्हे. त्या आधीं कोणी सांगत नसे याची.

यावर उपाय झाला तो प्रथम वऱ्हाडांत. कारंजा येथें १८८६ सालीं सरकारी नियमांखालीं कापसाचा बाजार सुरू झाला व १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं बाजारांचा कायदा आला. मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापूस बाजाराचा आणि १९३९ सालीं सर्व शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. या कायद्यांनीं अडत किंवा हमाली नाहींशी केली नाहीं. त्यांचे दर ठरले, ते सर्वांस माहीत झाले, आणि लिलाव उघड बोलीनें होऊं लागला. रुमाल काढला गेला, एवढेंच. परंतु तेवढ्यानें पुष्कळ काम झालें.

दुसरें उदाहरण आमच्या गांवचें. अंबरनाथास विमको कंपनीचा आगपेट्यांचा मोठा कारखाना होता. आगपेटीएवढी लहान वस्तु दुसरी कोणती असणार! तरीही तिच्यावर किंमत छापलेली असते, आणि १९९० सालापासून बंद वेष्टणांवर छापण्याची कमाल किंमत सर्व करांसह असावी असा नियम आहे. उल्हासनगरच्या बाजारांत कापड घेतांना घासाघीस होते खरी. पण ती उघड होते, आणि सौदा ठरल्यावर व्यापारी वर आणखी कांहीं मागत नाहीं. अगदीं थोड्या मोलाची पेटी जी सचोटी पाळते, ती हजारों रुपयांच्या वर्गणीनें पाळावी, एवढीच ग्राहकाची मागणी आहे.

कायदा काय देतो

ग्राहक संरक्षणाचा पहिला स्वतंत्र कायदा १९८६ सालीं झाला. त्यास २४ डिसेंबर रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानतात. त्याच्या जागीं २०१९ चा नवा कायदा आला व तो जुलै २०२० पासून अमलांत आहे. या कायद्याखालीं नेमलेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं १३ फसव्या रीतींची यादी प्रसिद्ध करून त्या निषिद्ध ठरविल्या. किंमत प्रथम पूर्ण न सांगतां थेंबाथेंबानें उघड करणें, ग्राहकाच्या टोपलींत त्याच्या संमतीवांचून कांहीं घालणें, वर्गणी सोडण्याचा मार्ग लपविणें किंवा लांबविणें, आणि नकार देणारास लाजविणें, या सर्व गोष्टी त्या यादींत आहेत.

दुसरें संरक्षण रिझर्व्ह बँकेचें. १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलांत आलेल्या नियमांप्रमाणें आपोआप वजा होणाऱ्या रकमेची सूचना निदान २४ तास आधीं ग्राहकास मिळाली पाहिजे, आणि दिलेला हुकूम केव्हांही मागें घेण्याची त्यास मुभा असली पाहिजे. आमच्या अनुभवांतील न वाचलेली सूचना ती हीच.

तक्रार करावयाची असल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५ हा आहे. तेथें निकाल न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातां येतें. नव्या कायद्यानें एक मोठी सोय केली आहे : कंपनीची कचेरी कोठेंही असो, ग्राहक जेथें राहतो तेथील आयोगाकडे त्यास तक्रार देतां येते. म्हणजे बदलापूरच्या माणसास ठाणें जिल्ह्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोलाच्या तक्रारीस शुल्कही पडत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं आणखी एक कायदा लक्षांत ठेवावा. १८७२ च्या करारांच्या कायद्याप्रमाणें ज्याचीं १८ वर्षें पुरीं झालीं नाहींत त्यास करार करण्याची पात्रता नाहीं. “मान्य आहे” या खुणेवर बोट ठेवणें हा करारच आहे. म्हणून ती खूण मुलांनीं स्वतः दाबूं नये. वडील मंडळींस दाखवावी. यांत कमीपणा नाहीं.

घरीं पाळावयाचे नियम

कायदा दाराशीं पहारा करील; घरांतली जाग आपणच ठेविली पाहिजे. आमच्या घरीं त्या प्रसंगानंतर पुढील नियम ठरले. ते वाचकांस उपयोगी पडतील अशी आशा आहे.

पहिला नियम असा कीं, पैसे देण्यापूर्वीं “एकूण किती?” हा प्रश्न विचारावा. आकार, कर, मुदत, आणि पुढल्या महिन्याचा दर, हें सर्व मिळून होणारा आंकडा कागदावर लिहावा व मगच पुढें जावें. दुसरा, जें फुकट किंवा एका रुपयांत मिळतें त्याची शेवटची तारीख त्याच दिवशीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावी. तिसरा, घरांत चालू असलेल्या सर्व वर्गण्या एका पानावर मांडाव्या आणि महिन्यांतून एका रविवारीं सर्वांनीं मिळून ते पान व बँकेच्या सूचना वाचाव्या. हें काम मुलांकडे सोंपवावें. त्यांस व्यवहारी अंकगणित येईल आणि घरच्या पैशाची किंमतही कळेल. चौथा, अधिक पैसे मागणाऱ्या पडद्याचें चित्र फोनमध्यें जपून ठेवावें, कारण पुराव्यावांचून तक्रार लंगडी पडते. पांचवा नियम आम्हीं स्वतःसाठीं केला आहे : नोंद तपासल्यावांचून कोणावरही आळ घेऊं नये.

असो. थेंबें थेंबें तळें सांचतें हें आपण काटकसरीचें वचन म्हणून शिकतों. तळें थेंबाथेंबानें रितेंही होतें, हा त्याचाच दुसरा अर्थ आहे. व्यापाऱ्यानें पुरें मोल आधीं सांगावें हें त्याचें कर्तव्य. आणि तें न लाजतां आधीं विचारावें हें आपलें. आमचा मुलगा आतां नववींत आहे. परवां आम्हीं फोनवर एक चित्रपट निवडला, तेव्हां तो शेजारीं येऊन बसला आणि म्हणाला, “बाबा, एकूण किती?” आम्हीं तो आंकडा त्यास वाचून दाखविला, आणि मगच खुणेवर बोट ठेविलें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका वर्गणीचा पहिला महिना १ रुपयांत मिळतो व पुढें दरमहा १४९ रुपये पडतात. वर्षाची एकूण रक्कम काढा.

२. २५० रुपयांचीं तीन तिकिटें फोनवरून घेतलीं. दर तिकिटामागें ४० रुपये आकार व त्या आकारावर शेंकडा १८ कर आहे. एकूण किती रुपये द्यावे लागतील? मूळ मोलावर शेंकडा किती चढले?

३. सोयीचें मोल मागणें आणि मोल लपविणें यांतील भेद, खानावळीच्या उदाहरणाखेरीज दुसरें एक उदाहरण घेऊन, स्पष्ट करा.

४. आपल्या घरीं चालू असलेल्या सर्व वर्गण्यांची यादी वडील मंडळींच्या मदतीनें करा. त्यांपैकीं गेल्या महिन्यांत कोणतीचा उपयोग झाला नाहीं तें पाहा, आणि ती चालूं ठेवावी कीं बंद करावी याविषयीं घरीं विचार करा.